मिठाचा डबा आधी स्वयंपाकघरात ठेवा

*नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. इमारतीच्या मागे कुंपणापर्यंत मातीची पट्टी आहे. तिथे मी, सासूबाई आणि शेजारच्या दोघीतिघी मिळून झाडं लावतो. पाऊस लागला की काळ्या, चपट्या, बिनशंखाच्या गोगलगायी निघतात, आणि यंदा तर कहर झालाय. दसऱ्यासाठी केलेली झेंडूची रोपं एका रात्रीत नाहीशी झाली. जास्वंदीच्या पानांना भोकं पडलीत, कढीपत्त्याच्या तर नुसत्या काड्या उरल्यात. सासूबाई रोज संध्याकाळी मिठाचा डबा घेऊन फिरतात. चौथीतली मुलगी ते पाहून रडते. आता सेक्रेटरींनी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून विषारी गोळ्या टाकून घ्यायचं मनावर घेतलंय, येत्या रविवारी मीटिंग आहे. मला एवढंच विचारायचंय, या प्राण्याचा बागेला काही उपयोग असतो का? आणि नसेल, तर मारायला हरकत काय?*

*— एक वाचक, ठाणे (पश्चिम)*

ताई,

तुमची मीटिंग रविवारी आहे म्हणून तुमचं पत्र रांगेतून पुढे काढलं. बाकीच्यांनी राग मानू नये.

उपयोगाकडे येतेच, पण त्याआधी आरोपपत्र तपासू. तुम्ही तीन गुन्हे नोंदवलेत आणि तिन्ही एकाच आरोपीच्या नावावर. त्यातला कढीपत्त्याचा गुन्हा तिचा नाही, हे मी इथे बसून सांगते. पानं कडेकडेने खाऊन फक्त मधली काडी ठेवायची ही रीत फुलपाखरांच्या अळ्यांची आहे. लिंबू, पपनस, कढीपत्ता ही एकाच कुळातली झाडं आणि मॉरमॉन जातीची फुलपाखरं त्यांच्यावरच अंडी घालतात. उद्या सकाळी चष्मा लावून कढीपत्त्याची वरची पानं बघा. एखाद्या पानावर कावळा-चिमणीची ताजी शीट पडल्यासारखं काळं-पांढरं काही दिसेल. ते शीट नाही, लहान अळी आहे. शिटेसारखी दिसते म्हणून तर पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि मग शोधूनही सापडत नाही. तुमच्यापासून जवळच ओवळ्याला ओवळेकर वाडीत लोक सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन हीच फुलपाखरं बघायला जातात. तुमच्याकडे ती फुकट येतात, मोबदल्यात थोडा कढीपत्ता नेतात. झाड मरत नाही, महिनाभरात पुन्हा फुटतं.

जास्वंदीचं मी खात्रीने सांगणार नाही. गोगलगाय गेली की तिचा माग राहतो. पानावर, कुंडीच्या कडेवर, फरशीवर वाळलेल्या लाळेचा चकाकता पट्टा. पानाला भोक आहे आणि खाली काळे बारीक दाणे पडलेत, तर ती अळी. भोक आहे पण ना दाणे ना चकाकी, तर बहुधा नाकतोडा किंवा भुंगेरा. जमिनीला टेकलेल्या फांद्यांवरची पानं गोगलगायीने खाल्लेली असू शकतात, कमरेएवढ्या उंचीवरची सहसा नाहीत.

झेंडू मात्र तिनेच खाल्ला. त्यात शंकाच नको. दोन पानांवर आलेलं झेंडूचं रोप म्हणजे तिच्या जिभेला मेजवानी. मिरचीची, पालकाची, कोबीची रोपंही ती त्याच चवीने खाते.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही कोण ते कळतंय. काळी, चामड्यासारखी, चपटी, पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक फिकट रेघ. शास्त्रीय नाव लेव्हिकॉलिस अल्टे. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात सगळ्यात जास्त दिसणारी ती हीच, आणि ती मूळची इथली नाही. आफ्रिकेतली आहे, कुंड्या आणि रोपांच्या मातीतून जगभर पसरली. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते, कारण बागकामावर लिहिणारे आम्ही लोक ‘निसर्गाचा समतोल’ म्हणून हात जोडून मोकळे होतो. ही बाई त्या समतोलात मागाहून येऊन बसलेली आहे. आपल्याकडे सह्याद्रीतल्या देशी बिनशंखी गोगलगायीही आहेत, पण त्या झाडीत, ओल्या पाल्यात राहतात आणि तुमच्या झेंडूच्या वाटेला क्वचितच येतात.

उन्हाळ्यात ही जाते कुठे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कुठेही जात नाही. कुंडीच्या तळाच्या भोकात, विटेखाली, मातीच्या भेगेत अंग आकसून पडून राहते. मृगाचा पाऊस पडला की बाहेर येते, आणि आल्याआल्या अंडी घालते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे दोघी भेटल्या की दोघी अंडी घालू शकतात. बाजूची कुंडी उचलून बघा, ओल्या मातीत भिजलेल्या साबुदाण्यासारखी, एकमेकांना चिकटलेली अंड्यांची माळ दिसेल. ‘यंदा कहर आहे’ असं तुम्हाला वाटतंय त्याचं निम्मं कारण त्या माळांमध्ये आहे. उरलेलं निम्मं बहुधा यंदा बाहेरून आणलेल्या शेणखतात किंवा नर्सरीच्या पिशव्यांत. बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत गोगलगाय चढून येत नाही, तिला आपणच लिफ्टने वर नेतो.

आता उपयोग.

तुमच्या पट्टीवर बदामाची, आंब्याची पानं पडत असतील. बदामाचं पान जाड, चिवट. पावसात भिजलं तरी आठवडे तसंच पडून राहतं. कुजवणारे जिवाणू आणि बुरशी त्यात शिरायला कुणीतरी ते आधी फाडायला, खरवडायला लागतं. वाणी आणि पैसा हे पुष्कळ पायांचे किडे, मातीतले इतर बारीक किडे आणि गोगलगायी हे काम करतात. गोगलगायीच्या जिभेवर हजारो सूक्ष्म दातांची पट्टी असते, तिने ती पान खरवडून खाते आणि मागे ओली, बारीक विष्ठा टाकते. त्या विष्ठेवर जिवाणू तुटून पडतात, गांडुळं येतात, आणि पानात अडकलेलं नत्र-स्फुरद मातीत उतरतं. फरशीवरचं शेवाळ, सडका पपईचा तुकडा, कुत्र्याची घाण, मेलेला किडा, बुरशीची छत्री, हे सगळं तिला चालतं. खाल्लेल्या बुरशीचे बीजाणू तिच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि बागेत दुसरीकडे रुजतात. हे काम सगळ्या गोगलगायी कमीअधिक करतात. तुमच्याकडची जात कोवळ्या हिरव्या पानांची जास्त शौकीन आहे, हे मान्य. पण रात्री टॉर्च घेऊन उभ्या राहिलात तर बऱ्याचजणी तुम्हाला रोपावर दिसणार नाहीत, सडक्या पाल्यावर आणि कंपोस्टच्या कडेला दिसतील.

ब्रिटनमध्ये या विषयावर आपल्यापेक्षा फार जुनी भांडणं आहेत. तिथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या बागकामाच्या संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केलं की यापुढे आम्ही गोगलगायींना ‘कीड’ या यादीत धरणार नाही. त्यांचं म्हणणं असं की तिथल्या ४४ बिनशंखी जातींपैकी बागेतली झाडं खाणाऱ्या जेमतेम ९ आहेत, बाकीच्या पालापाचोळ्यावर जगतात. तो आकडा ब्रिटनचा, ठाण्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. विचार मात्र लावता येतो.

आणि दुसरा उपयोग म्हणजे ती स्वतः कुणाचं तरी जेवण आहे. मानपाड्याला तुमच्या मागे येऊरचे डोंगर, म्हणजे तुमच्या कुंपणावर भारद्वाज नक्की येत असणार. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, सकाळी दिसला की शुभ म्हणून आपण घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवतो तोच. तो जमिनीवर पाय टाकत पालापाचोळ्यात काय शोधत असतो? किडे, सरडे, पिल्लं आणि गोगलगायी, शंखवाल्यासुद्धा. दयाळ खातो, बेडूक खातो. चिचुंद्री खाते, जिला आपण उंदीर समजून झाडूने मारतो. काजव्यांच्या अळ्या तर गोगलगायींवरच वाढतात. अळी गोगलगायीला चावते, तिला बधिर करते, आणि आतून पातळ झालेलं मांस शोषून घेते. काजव्याचं आयुष्य बहुतेक सगळं या अळीच्या रूपात ओल्या पाचोळ्यात जातं, चमकणारे दिवस अगदी शेवटचे आणि थोडे. मे-जूनमध्ये ठाण्याहून भंडारदऱ्याला काजवे बघायला गाड्या भरभरून जातात. परत आल्यावर तीच मंडळी सोसायटीत पाचोळा जाळायची, नाहीतर पावडर मारायची मागणी करतात. असो.

मीठ आणि गोळ्यांवर माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही बंद.

मिठाने गोगलगाय मरते, कारण मीठ तिच्या अंगातलं पाणी खेचून घेतं. ती लगेच मरत नाही. फेस काढत, वळवळत मरते, तुमची मुलगी उगाच रडत नाही. पण दया बाजूला ठेवली तरी हिशोब जुळत नाही. रोज मूठमूठ मीठ मातीत जातंय. गोगलगायीच्या अंगातलं पाणी जसं मीठ ओढतं, तसंच ते मुळांना पाणी घेऊ देत नाही. ठाण्याच्या पावसात जमिनीतलं बरंच वाहून जाईल, कुंड्यांमधलं मात्र साचतं. आधी पानांची टोकं तपकिरी होतात, मग तुळस बसते, आणि आपण म्हणतो यंदा तुळशीला पाऊस जास्त झाला.

गोळ्यांचं तर मीटिंगमध्ये ठणकावून सांगा. बाजारात गोगलगायीसाठी ज्या गोळ्या मिळतात त्यात बहुतेक वेळा मेटाल्डिहाइड असतं. गोगलगायीला आकर्षण वाटावं म्हणून ते कोंड्यात मिसळलेलं असतं, आणि तो कोंडा कुत्र्यामांजरांनाही आवडतो. खाल्ल्यावर कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात, वेळेत उपचार नाही मिळाले तर ते मरतं. ग्रेट ब्रिटनने २०२२ च्या वसंतापासून बागेत आणि शेतात त्याचा वापर बंद केला. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. २०२२ च्याच खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन साफ केलं, लोकांना दुबार पेरणी करावी लागली. तिथे एकरांचा प्रश्न होता. तुमच्याकडे आहे एक पट्टी, आणि तिच्यावर सोसायटीची मुलं क्रिकेटचा बॉल शोधत फिरतात. सेक्रेटरींना एवढंच म्हणा, पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषधाचं नाव लेखी घ्या आणि कुत्रा पाळणाऱ्या सभासदांना ते वाचून दाखवा. पुढचं काम ते सभासद करतील.

मग करायचं काय? बागेला गोगलगायमुक्त करायचा नाद सोडा, तो पुरा होत नाही. फक्त रोपं वाचवा, आणि तीही पहिले तीन आठवडे. झेंडू सहा-सात पानांवर आला, देठ जरा निबर झाला की गोगलगायीने दोन पानं खाल्ली तरी त्याला फरक पडत नाही. तोवर ती रोपं जमिनीवर नकोतच. खिडकीच्या ग्रिलमध्ये ट्रेमध्ये करा, पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दोन्ही बाजूंनी कापून जमिनीत लावलेल्या रोपाभोवती खोचा. छोटा फ्रेंच झेंडू श्रावणाच्या सुरुवातीला पेरला तरी दसऱ्याच्या सुमाराला फुलतो, तेव्हा यंदाचं सगळं हातचं गेलेलं नाही.

इंटरनेटवर अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, खरखरीत वाळू असे उपाय वाचाल. याच ब्रिटिश सोसायटीने ते लेट्यूसवर तपासले, काहीच न केलेल्या रोपांइतकंच ती रोपंही खाल्ली गेली. राखेबद्दल तर बोलूच नका, आपल्या जुलैत राख दहा मिनिटं टिकत नाही. उपयोगी पडतं ते गोणपाट. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात बुडवून, पिळून, रोपांपासून हातभर लांब पसरायचं, खाली पपईची साल किंवा काकडीच्या चकत्या टाकायच्या. सकाळी उन्हं यायच्या आत उचलायचं. खाली सगळा मेळा भरलेला असतो. रोज सकाळी कुंड्या उचलून अंड्यांच्या माळाही काढा, त्या उन्हात टाकल्या की वाळून जातात. कुंड्या विटांवर ठेवा, एकमेकींना चिकटवून ठेवू नका.

हे काम सासूबाईंकडे द्या. ‘मीठ टाकू नका’ म्हणालात तर घरात नवीनच विषय निघेल. झाडं त्यांचीही आहेत, त्यांना काहीतरी करायचंय. म्हणा, ‘आई, मिठाने तुळस जाते म्हणतात, त्यापेक्षा सकाळी गोणपाट तुम्ही बघाल का?’ हातात लांब चिमटा द्या. माझा अनुभव असा आहे की मीठ टाकणारी माणसं वेचण्यात सगळ्यात तरबेज निघतात.

मुलीला बघू द्या, पण उघड्या हाताने धरू देऊ नका. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक सूक्ष्म जंत गोगलगायींच्या अंगात वाढतो आणि कच्च्या खाण्यातून माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. ऑस्ट्रेलियात एका तरुणाने मित्रांच्या पैजेवर गोगलगाय गिळली आणि पुढची आठ वर्षं पांगळेपणात काढून तो गेला. आपल्याकडे असं फार क्वचित घडतं, घाबरून जायचं कारण नाही. मात्र बागेतली कोथिंबीर, पालक पान न् पान धुवायचं, चटणीत कच्चं घालायचं असेल तर जास्तच. हाताला लाळ लागली तर आधी कोरड्या कागदाने पुसा, मग साबण. थेट पाणी घातलंत तर ती फुगते आणि आणखी चिकटते.

बघायला एक चांगली रीत आहे. गोगलगायीला काचेच्या तुकड्यावर चढू द्यायचं आणि काच वर धरून खालून बघायचं. या जातीचा पाय म्हणजे पोटाच्या मधोमध एक अरुंद, फिकट पट्टी, दोन्ही बाजूंना रुंद करडं मांस. त्या पट्टीत बारीक लाटा उठतात आणि सरकत जातात, आणि त्या लाटांवर सगळी गोगलगाय चालते. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण चौथीतल्या मुलीला याहून चांगली कुणी शिकवणार नाही. तोंडाशी शिंगांच्या दोन जोड्या दिसतील. वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे, खालची आखूड जोडी हुंगायला. काडीने हलकेच स्पर्श केला तर दोन्ही आत ओढून घेते आणि मिनिटाभराने एकेक करून बाहेर काढते.

एक पथ्य. गोणपाटाखाली मोठा, निमुळता, तपकिरी पट्ट्यांचा शंख असलेली गोगलगाय सापडली तर ती वेगळी. ती आफ्रिकन महाकाय गोगलगाय. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या बागेत सोडल्या गेल्या, तिथून ती देशभर पोचली. तिच्याबाबतीत माया नको. हातमोजे घालून उचला, साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका, मेल्यावर खोल पुरा.

काळ्या चपट्यांना मात्र सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्याकडे सोडा, वाफ्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब. तिथे त्यांना खायला मुबलक आहे, आणि भारद्वाजालाही तो कोपरा सोयीचा पडतो. वीस-पंचवीस एकदम सापडल्या आणि मुलीला वाटलं की बिचाऱ्यांना येऊरच्या जंगलात सोडून यावं, तर तेवढं करू देऊ नका. तिथल्या पाचोळ्यात देशी गोगलगायी आहेत, आणि त्यांच्या घरात परकी पाहुणी नेऊन बसवायची जबाबदारी आपण घेऊ नये.